रात्रपाळीतला शेजारी : लाजवंती

(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या व्यासपीठावर आतापर्यंत हृदयविकार, शेअर बाजार, ताणतणाव आणि ज्ञानेश्वरी अशा विषयांवर जाणकार बोलून गेले आहेत. यंदा फलकावर 'लाजवंती' असे लिहिलेले पाहून काही वहिनींना वाटले की बागकामावर काहीतरी आहे. तर सुरुवातीलाच खुलासा करतो, आपण स्पर्श केल्यावर पाने मिटून घेणारी लाजाळू नव्हे. लाजवंती हे एक छोटे, शेपूट नसलेले, रात्री हिंडणारे माकडासारखे जनावर आहे. इंग्रजीत त्याला स्लेंडर लोरिस म्हणतात. ते जयपुरात नाही, राजस्थानातही नाही. आपल्याकडे गलताजीला जी दोन प्रकारची माकडे दिसतात, काळ्या तोंडाचे लंगूर आणि लाल तोंडाचे, ती दोन्ही दिवसाची. संध्याकाळ झाली की झोपायला जाणारी. लाजवंतीची ड्यूटी तेव्हा सुरू होते.

मी प्राणिशास्त्र शिकलेलो नाही. माझा डिप्लोमा स्थापत्याचा, नोकरी रुळांची. परंतु जयपूरला बदलून येण्याआधी माझी पहिली नेमणूक हुबळी विभागात होती, आणि त्यातला काही काळ कॅसलरॉकच्या घाटात गेला. तिथे या प्राण्याची ओळख झाली. पुढे वाचत गेलो. वाचता वाचता लक्षात आले की हा प्राणी आणि माझे खाते यांचा संबंध वरवर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ जवळचा आहे. म्हणून बोलायचे धाडस करतो आहे.

आधी नावाची गंमत सांगतो. लेमूर हा शब्द मुलांना माहीत आहे, 'मादागास्कर' नावाच्या कार्टून चित्रपटामुळे. पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीचा तो नाचरा राजा. लेमूर म्हणजे मादागास्कर बेटावरचा प्राणी, हे आता पक्के झाले आहे. पण हा शब्द मुळात त्यांच्यासाठी काढलेलाच नव्हता. सगळ्या प्राण्या-वनस्पतींना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावे देण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो स्वीडनचा लिनियस. त्याने १७५४ साली आपल्या राजाच्या संग्रहातील प्राण्यांची यादी केली, त्यात श्रीलंकेकडची लाजवंती होती. रोमन लोक रात्री भटकणाऱ्या मृतात्म्यांना 'लेमुरेस' म्हणत. हा प्राणी रात्री हिंडतो, थोडासा माणसासारखा दिसतो आणि संथ चालतो, म्हणून लिनियसने त्याला 'लेमूर' हे नाव दिले आणि पुढे 'टार्डिग्रेडस', म्हणजे मंदगती, असे जोडले. मादागास्करच्या प्राण्यांना ते नाव नंतर चिकटले आणि आमच्याकडच्या मूळ मालकाकडून निघून गेले. गावाकडची जमीन चुलतभावाच्या नावावर चढावी, तसे काहीसे झाले.

नाते मात्र खोटे नाही. लोरिस आणि लेमूर एकाच मोठ्या घराण्यातले. आपण, वानरे आणि बाकीची माकडे दुसऱ्या घराण्यात. ही वाटणी सहा कोटी वर्षांहून जुनी आहे. त्या घराण्याची खूण म्हणजे कुत्र्यासारखे ओले नाक, खालच्या पुढच्या दातांचा कंगवा (त्याने अंगावरचे केस विंचरायचे) आणि पायाच्या दुसऱ्या बोटाला खाजवण्यापुरते एक नख. बाकी सर्व बोटांना आपल्यासारखी चपटी नखे.

आता रूप सांगतो. लांबी वीतभर, म्हणजे वीस-पंचवीस सेंटीमीटर. गोवा आणि सह्याद्रीच्या दमट बाजूला जी मलबारी उपजात आहे तिचे वजन दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर. पूर्वेकडच्या कोरड्या झुडपी रानातली म्हैसूर उपजात थोडी मोठी. जयपूरकरांसाठी सांगायचे तर तीज-राखीला आपण आणतो त्या मध्यम घेवराएवढे वजन. हातपाय काडीसारखे लांब. चेहरा हृदयाच्या आकाराचा आणि त्यातली बरीचशी जागा डोळ्यांनी घेतलेली. डोळ्यांच्या मागे आरशासारखा एक पडदा असतो, अंधारात आलेला थोडासा उजेड तो पुन्हा डोळ्याला वापरायला देतो. म्हणून बॅटरीचा झोत पडला की नारिंगी-लाल चमक दिसते. आमच्या खात्यात झेंड्या-दिव्यांची सवय झालेल्या माणसाला ती लगेच ओळखू येते, कारण ती जोडीने येते आणि सिग्नलसारखी एका जागी राहत नाही.

पावसाळ्यात घाटात रात्रीची गस्त असते. दोघे-दोघे पेट्रोलमन हातबत्ती, फटाके आणि पुस्तक घेऊन ठरलेला टापू पायी तुडवतात. दरड आली, झाड पडले, पाणी रुळावर आले तर गाडी थांबवायची. मीही नियमाप्रमाणे मधूनमधून त्यांच्याबरोबर जात असे. कॅसलरॉकचा पाऊस ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो सांगून कळणार नाही. एकदा पाऊस उघडला होता, आणि मी कटिंगच्या कडेला वेलींत बॅटरी मारली. दोन बारीक निखारे चमकले. आमचे वयस्कर मुकादम, त्यांना सगळे मामा म्हणत, हलकेच म्हणाले, "साहेब, बत्ती खाली करा. काडुपापा आहे. पोर ठेवून आई खायला गेली असेल."

काडुपापा हे कानडी नाव, अर्थ रानातले बाळ. तामिळमध्ये देवांगु. आमच्या गँगमध्ये कोकणी, कानडी आणि मराठी अशा तिन्ही भाषा चालत, पण हे नाव कानडीच चाले. मला ते आपल्या 'लाजवंती'पेक्षा जास्त पटते, कारण त्याच्या रडक्या, विस्फारलेल्या चेहऱ्याकडे पाहिले की खरेच तान्हे बाळ आठवते.

मामांनी सांगितले ते शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर होते, हे नंतर वाचनात आले. लाजवंतीचा गर्भकाळ साडेपाच महिन्यांचा. एवढ्याशा जिवाला एवढा काळ! त्याच आकाराचा उंदीर तीन आठवड्यांत मोकळा होतो. बहुतेक वेळा एक किंवा जुळे. पहिले काही आठवडे पिल्लू आईच्या पोटाला चिकटून असते. त्यानंतर आई संध्याकाळी त्याला एका फांदीवर बसवते आणि चरायला निघून जाते. पहाटे परत घ्यायला येते. रात्रभर ते पोर एकटेच फांदीला धरून, आजूबाजूची पाने हुंगत, किडा पकडण्याचा सराव करत असते. मात्र ते अगदीच अनाथ नसते. तामिळनाडूत दिंडिगलजवळ अय्यलूर नावाचे गाव आहे, आपल्यातले जे दिंडिगल-त्रिची मार्गाने गेले असतील त्यांच्या खिडकीतून हे स्टेशन गेलेले असेल. तिथल्या झुडपी रानात १९९० च्या दशकाच्या अखेरीस ॲना नेकारिस या अभ्यासिकेने रात्र-रात्र जागून लाजवंती पाहिल्या. म्हैसूर विद्यापीठाचे मेवा सिंह आणि सिंधू राधाकृष्ण यांनीही त्याच भागात काम केले. त्याआधी पुस्तकांत लिहिलेले असायचे की हा प्राणी एकलकोंडा आहे. प्रत्यक्षात दिसले ते वेगळेच. दिवसा ती कुटुंबाने गोळा होऊन झोपतात, संध्याकाळी एकमेकांची केस-सफाई करून मग कामाला जातात, रात्री शिट्ट्या मारून एकमेकांचा ठावठिकाणा घेतात. आणि पिल्लापाशी अधूनमधून नर येऊन बसतात, त्याच्याशी खेळतात. रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांचे कुटुंब कसे चालते हे आपल्यापैकी अनेकांना नव्याने सांगायला नको.

खाणे प्रामुख्याने किडे. मुंग्या फार. ज्या किड्यांना वास येतो, जे चावतात, ज्यांच्याकडे पक्षीही बघत नाहीत, ते ती डोळे मिटून, नाक आक्रसून खाते. हातापायांना स्वतःचे मूत्र चोळण्याची तिला सवय आहे. त्याची कारणे अभ्यासक वेगवेगळी देतात. एक म्हणजे वासाने खूण ठेवणे, दुसरे म्हणजे किड्यांच्या दंशाची आग कमी करणे. ऐकायला कसेतरी वाटते, मान्य आहे. पण आंब्याच्या बागेवर, काजूवर पडणारे किडे रात्री फुकटात वेचणारा हा मजूर आहे.

इथे थोडे मादागास्करला जाऊन येतो, कारण रेल्वेवाल्यांना आवडेल असा एक प्राणी तिथे आहे. त्याचे नाव आय-आय. तोही लेमूर, तोही रात्रीचा, जंगलातला. त्याचे मधले बोट तारेसारखे बारीक आणि लांब असते. त्या बोटाने तो झाडाचे लाकूड भराभर ठोकतो आणि मोठे कान लावून ऐकतो. आत पोकळी असेल, अळी असेल तर आवाज बदलतो. मग दातांनी भोक पाडून तेच बोट आत घालून अळी काढतो. पूर्वी गाडी मोठ्या स्टेशनात थांबली की कॅरेज-वॅगनचा माणूस लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकत जायचा आणि आवाजावरून तडा ओळखायचा, आठवते? तेच काम. या प्राण्याला तिथले गावकरी अपशकुनी मानतात. त्याने बोट दाखवले की मरण येते, असा समज. म्हणून दिसला की मारतात. एक काळ तर असा आला की तो संपला असेच लोक धरून चालले होते. १९५७ मध्ये तो पुन्हा आढळला आणि १९६६ च्या सुमारास नऊ आय-आय एका लहान बेटावर नेऊन सोडण्यात आले. २०२० साली आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने लेमूरांचा हिशेब मांडला, तेव्हा १०७ जातींपैकी १०३ संकटग्रस्त निघाल्या. जंगल तोडून, जाळून शेती करणे हे त्याचे मोठे कारण.

आपल्या लाजवंतीची परिस्थिती इतकी वाईट नाही. श्रीलंकेतली तांबडी जात धोक्यात आहे, भारतातली करडी जात त्याच संघाच्या यादीत 'संकटाच्या जवळ' या वर्गात आहे. कायद्याने १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला बसवले आहे. पण अंधश्रद्धा आपल्याकडेही कमी नाही. तिच्या डोळ्यांचे औषध, तिच्या अवयवांचे वशीकरण, करणी उतरवण्यासाठी तिला चटके देणे, असले प्रकार दक्षिणेत होत आले आहेत. रस्त्यावरचे भविष्यवालेही तिला पिंजऱ्यात बाळगत. ज्यांना दिवसाचा उजेड सोसत नाही त्यांना भर उन्हात बाजारात बसवायचे! मला विचाराल तर हा गुन्हा आहेच, पण त्याहून जास्त तो निर्लज्जपणा आहे. मोबाईलवर तिच्या ईशान्येकडच्या चुलत बहिणीचा, स्लो लोरिसचा, एक व्हिडिओ बराच फिरला आहे. कोणीतरी तिला गुदगुल्या करतो आणि ती हात वर करते, लोकांना वाटते मजेत आहे. स्लो लोरिसच्या कोपराच्या आतल्या बाजूला ग्रंथी असतात, त्यातला स्राव लाळेत मिसळला की विष तयार होते. हात वर करणे म्हणजे त्या ग्रंथीकडे तोंड नेण्याची तयारी. ती घाबरलेली असते. असे व्हिडिओ पुढे पाठवू नका, एवढेच सांगतो.

आता माझ्या विषयाकडे येतो. लाजवंतीची एक अडचण अशी आहे की तिला उडी मारता येत नाही. लंगूर एका झाडावरून दुसऱ्यावर पंधरा-वीस फूट सहज झेपावतो. लाजवंतीचे तीन हातपाय कायम फांदीला पकडून असतात, चौथा पुढे जातो. पुढची फांदी हाताच्या टप्प्यात आली तर ती ताणून पकडते, शरीराचा पूल करते आणि पलीकडे जाते. मनात आणले तर भरभर चालतेही, मंदगती हे लिनियसचे नाव अर्धेच खरे आहे. पण टप्प्यात फांदी नसेल तर तिचा रस्ता तिथे संपतो. मग एकच उपाय राहतो, जमिनीवर उतरायचे. तिथे कुत्रे, मांजरे, साप आणि चाके.

आता हिशेब करा. ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधले अंतरच १६७६ मिलिमीटर. शेजारी दुसरा मार्ग टाकायचा तर दोन्ही मार्गांच्या मध्यरेषांत किमान ५.३ मीटर ठेवावे लागतात. त्याच्या दोन्ही बाजूंना गिट्टी, गटार, कटिंगचा उतार आणि विद्युतीकरण असेल तर खांब आणि तारांपासून झाडांचे सुरक्षित अंतर. लाजवंतीचा पूल ताणून ताणून दीडेक फुटाचा. जुन्या एकेरी घाटमार्गावर अशा जागा असत की दोन्ही काठांच्या झाडांच्या फांद्या वर एकमेकींना भिडलेल्या असायच्या. गाडी खालून जायची आणि रान वरून. आम्ही पावसाळ्याआधी फांद्या छाटायचो. ते काम सुरक्षेसाठी आवश्यकच असते, ड्रायव्हरला सिग्नल दिसला पाहिजे. त्या छाटणीत वरची कोणती जोडणी तुटते, हा प्रश्न कोणत्याच रजिस्टरला नाही. रजिस्टरमध्ये नाही म्हणून तो प्रश्न नाही, असे होत नाही.

आसामात जोरहाट जिल्ह्यात होलोंगापार गिबन अभयारण्य आहे. क्षेत्र जेमतेम २१ चौरस किलोमीटर, पण त्यात माकड-वानरांच्या सात जाती नांदतात. त्यात हूलॉक गिबन हा शेपूट नसलेला वानर आणि रात्रीचा स्लो लोरिस दोन्ही आले. १८८७ मध्ये टाकलेला लोहमार्ग या अभयारण्याला छेदून १.६५ किलोमीटर जातो. एका बाजूला थोडे रान, दुसऱ्या बाजूला बाकीचे. गिबन झाडावरून खाली उतरायला फारच नाखूष, त्यामुळे छोट्या तुकड्यातली कुटुंबे अडकून पडली. २०१५ मध्ये लोखंडी पूल उभारला, गिबन त्याच्याकडे फिरकले नाहीत. इंजिनिअर म्हणून मला हे वाचून हसू आले आणि थोडे वाईटही वाटले, कारण आपण पूल म्हटले की आधी लोखंडच आठवतो. पुढे दोन्ही बाजूंची झाडे वाढू देऊन फांद्यांची जुळणी झाली तेव्हा २०१९ मध्ये तिथून गिबन जाताना दिसले. त्यानंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या आराखड्यानुसार ईशान्य सीमांत रेल्वेने दोरीच्या पुलांचे काम हाती घ्यायचे ठरवले. गिबनसाठी केलेल्या सोयीचा लोरिसलाही उपयोग होईल, त्याला तर दोरी अधिक मानवणारी.

आता पुन्हा आमच्या घाटाकडे. कॅसलरॉक ते कुळे, साधारण पंचवीस किलोमीटर. पोर्तुगीज अमदानीत मुरगाव बंदर ब्रिटिश हिंदुस्थानला जोडायला हा मार्ग झाला, १८८८ साली पूर्ण खुला झाला. मीटरगेजचा ब्रॉडगेज १९९० च्या दशकात झाला. चढ ३७ फुटांत १ फूट. आपल्यातले जे दिल्लीहून गोवा एक्स्प्रेसने वास्कोला गेले आहेत त्यांनी दूधसागर धबधबा खिडकीतून पाहिला आहे, तोच हा घाट. मालगाडी चढवायला मागे जादा इंजिने लावावी लागतात, आम्ही त्यांना बँकर म्हणतो. उतरताना गाडी इतकी सांभाळून आणतात की सायकलवाला पुढे जाईल. खालचे सगळे रान भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान. तिथल्या प्राण्यांच्या यादीत लाजवंती आहे.

या मार्गाचे दुपदरीकरण व्हायचे होते. मुख्य हेतू मुरगाव बंदरावर उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे नेण्याचा. त्याच सुमारास त्याच जंगलातून महामार्गाचे रुंदीकरण आणि उच्च दाबाची वीजवाहिनीही नेण्याचे ठरले. २०२० मध्ये गोव्यात मोठे आंदोलन झाले, त्यात विद्यार्थी, चित्रकार, शास्त्रज्ञ आणि मासेमारी करणारेही होते. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाच्या केंद्रीय अधिकारप्राप्त समितीने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला. त्यात जंगलाची हानी तर सांगितली होतीच, पण एक मुद्दा निव्वळ आपल्या खात्याचा होता. एवढा खर्च करून या तीव्र चढाच्या तुकड्याची क्षमता वाढेल ती नाममात्रच, कारण सगळ्या जाळ्यातला हा सर्वांत अकार्यक्षम तुकडा आहे. मे २०२२ मध्ये न्यायालयाने दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची शिफारस रद्द केली. सविस्तर अभ्यास करून नव्याने प्रस्ताव मांडायची वाट मात्र मोकळी ठेवली.

मी रेल्वेचा माणूस. दुहेरी मार्ग म्हणजे क्रॉसिंगला गाडी अडकून पडणार नाही, वक्तशीरपणा वाढेल, अपघाताची शक्यता घटेल. सपाट मुलखात दुहेरीकरण व्हावे यासाठी मी कोणाशीही भांडेन. खुद्द जयपूरच्या आसपास ते झाल्याचा फायदा आपण रोज घेतो. परंतु ३७ ला १ चा चढ दुसरा रूळ टाकून सपाट होत नाही. बँकर लागणारच, ब्रेकची तपासणी होणारच, उतरायचा वेग तोच राहणार. माझे वैयक्तिक मत असे की समितीचा तो मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड होता, आणि तो एखाद्या इंजिनिअरने आधी मांडायला हवा होता. हे ऐकून माझे काही सहकारी मला 'झाडवाला' म्हणतात. म्हणोत.

याच घाटात एक गोष्ट मला नेहमी सुखावते, ती म्हणजे बोगदे. जुन्या लोकांनी पैसा आणि कातळ यांचा विचार करून डोंगराच्या सोंडा फोडून बोगदे काढले. त्यांच्या डोक्यात लाजवंती नक्कीच नव्हती. पण बोगद्याच्या माथ्यावर रान अखंड राहिले. उघडी कटिंग जिथे रानाचे दोन तुकडे करते, तिथे बोगदा ते जोडून ठेवतो. घाटात नवीन मार्ग आखताना कटिंग की बोगदा असा प्रश्न येतो, तेव्हा दर घनमीटरच्या हिशेबात हाही एक रकाना असावा, असे मला वाटते.

जंगलातच नव्हे, शहरातही हा प्रश्न आहे. बंगळूरला लाजवंती अजून आहे. भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात, कृषी विद्यापीठाच्या आवारात, जुन्या दाट झाडांत. २०१४ पासून काबेरी कार गुप्ता यांनी तिथे नागरिकांना बरोबर घेऊन शहरी लाजवंतीची पाहणी सुरू केली. संगणक क्षेत्रातली माणसे, गृहिणी, विद्यार्थी रात्री लाल कागद लावलेल्या बॅटऱ्या घेऊन झाडे तपासत हिंडायची. लाल उजेडाचा तिला त्रास कमी होतो. झाडांची रांग मध्ये तुटली की तिथून पुढे लाजवंती मिळत नाही आणि फांदी समजून उघडी वीजतार पकडली की ती मरते. त्याला उपाय महाग नाही, आवरण घातलेली केबल. पण तो सुचायला आधी कोणीतरी रात्री वर बघावे लागते.

तामिळनाडू सरकारने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी करूर आणि दिंडिगल जिल्ह्यांत कडवूर लाजवंती अभयारण्य जाहीर केले, ११,८०६ हेक्टरचे. या प्राण्याच्या नावाने देशात झालेले हे पहिलेच. विशेष म्हणजे ते अय्यलूरच्याच बाजूचे रान आहे, कोरडे, काटेरी, बाहेरच्याला 'पडीक' वाटणारे. मोठा वाघ-हत्ती नसलेल्या रानाला एका वीतभर जनावरासाठी संरक्षण मिळाले, ही मला मोठी गोष्ट वाटते. कागदावर आपल्या राजस्थानातही कितीतरी जमीन पडीक म्हणून लिहिलेली आहे. त्यात रात्री काय चालते ते आपण पाहिलेले नाही.

आपल्यातली काही कुटुंबे सिंधुदुर्ग, बेळगाव, खानापूर, गोव्याकडची आहेत. मे महिन्यात किंवा गणपतीला गावी जाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लाजवंती म्हणून त्यांना कळणार नाही, डोळे सांगा, शेपूट नाही हे सांगा, त्यांच्याकडे तिचे वेगळे नाव असेल. ते नाव मला कळवा, मी टिपून ठेवतो आहे. दिसलीच तर फ्लॅश मारू नका, हातात घेऊ नका. फांदीवर एकटे पिल्लू दिसले तर ते हरवलेले आहे असे समजून घरी आणू नका, पहाटे आई तिथेच येणार असते. जखमी असेल तरच वन विभागाला कळवा. कुंपणाची झाडे छाटायची असतील तर दोन झाडांच्या मधली एखादी फांदी, एखादा वेल राहू द्या. माळ्याला त्याचे कारणही सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी तो काढून टाकेल.

त्या रात्री मामांनी गस्तीच्या पुस्तकात नेहमीप्रमाणे 'मार्ग ठीक' अशी नोंद केली. मी त्यांना विचारले, काडुपापाची जागा तुम्हाला कशी ठाऊक? ते म्हणाले, वेलाचा तो झुला रुळावरून पलीकडे जातो, म्हणून तीन पावसाळे त्यांनी तो छाटू दिलेला नाही, गाडीला लागत नाही एवढे मोजून पाहिले आहे. चौथी पाससुद्धा नसलेल्या माणसाने केलेले हे मोजमाप होते. पुढे माझी बदली झाली. तो वेल आहे की नाही ते मी तिकडच्या सहकाऱ्याला विचारले आहे, अजून उत्तर आलेले नाही.

आरतीला दहा मिनिटे आहेत. मुलांनी हात वर केलेले दिसत आहेत, आधी त्यांचे प्रश्न घेतो.